तीन नंबरचा कापूस

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. आता तिसऱ्यांदा बसलोय. थांबलो तर परत पुसीन, म्हणून सलग लिहितो. मी काही लेखक नाही. दुकानांचे बोर्ड आणि होड्यांवरची नावं रंगवतो. तेही कुठं जाऊन शिकलो नाही, बघून बघून हात बसला.

आमच्या कातळबंदरात कुणालाही विचारा, बर्फाच्या फॅक्टरीत गॅस कसा सुटला? सांगतील, मुश्ताक होडेकरच्या आळसामुळं. सात वर्षं असंच सांगतात. मुश्ताकसुद्धा तेच सांगतो.

ते खोटं आहे.

तेव्हा मी बावीसचा होतो. शाळेत चित्रकलेला मास्तर नव्हता, म्हणून मोठ्या बाईंनी, खेडेकर बाईंनी, मला शनिवारचे दोन तास दिले होते. पाचवीचा वर्ग, चौदा पोरं. त्या डिसेंबरात तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. बाई म्हणाल्या, "सुदेश, चित्रातनं काहीतरी विज्ञान दाखव. डोंगर, सूर्य, नारळाचं झाड पुरे झालं."

मी आठवडाभर व्हिडिओ बघितले आणि हिमकण शोधून काढला.

पोरांना पांढरा कागद दिला आणि पांढरा मेणाचा खडू. म्हटलं, मी फळ्यावर काढतोय तसा सहा हातांचा कण काढा.

"सर, दिसतच नाय काय!"

"काढा तर."

मग प्रत्येकाच्या कागदावर निळ्या पाण्याच्या रंगाचा ब्रश फिरवला. जिथं मेण होतं तिथं रंग बसला नाही. निळ्यातनं पांढरे कण वर आले. अख्खा वर्ग ओरडला. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

"मेणावर पाणी बसत नाही," मी म्हटलं. "कितीही रंग मारा, खालचं वर येतं."

मग सहाचं सांगितलं. पाणी गोठताना त्याचे कण एकमेकांचे हात धरतात, सहा-सहा जणांचं रिंगण करतात, म्हणून कोपरे सहा. पाच नाहीत, आठ नाहीत. सहा पोरांना उठवून रिंगणपण करून दाखवलं. मी खूश होतो स्वतःवर.

पहिल्या बाकावरच्या दुर्वा चोगलेनं हात वर केला. तिची आई मासळी विकते. "सर, आई रोज बर्फ आणते. त्याला कुठं हात असतात? लादी असते. फोडली की चुरा."

"तो वेगळा. हा आभाळातनं पडतो."

"तुम्ही बघितलाय?"

"नाही."

"मग?"

पोरं हसली. मीपण हसलो. पण ते 'मग?' मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

मुश्ताक बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण अरेतुरेतला दोस्त. आमची ओळख झाली ती नंबरांवरनं. फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला गॅसचे चार व्हॉल्व होते, एकाला लागून एक. त्याला त्यावर नंबर हवे होते. मी लाल ऑइलपेंटनं १, २, ३, ४ काढून दिले. तो म्हणाला, "तीनला जरा मिशी आलीय." मी म्हटलं, "तुझ्यावर गेलाय." तिथनं जमलं.

अमोनियाच्या पाइपांवर नेहमी बर्फ धरायचा. पांढरा, भुसभुशीत. फॅक्टरीत त्याला कापूस म्हणायचे. मी भिंग घेऊन गेलो आणि जवळनं बघितलं, तर त्याच्यात पिसांसारखे तुरे होते, आणि कडेला बारीक बारीक सहा कोपऱ्यांच्या चकत्या. खऱ्याखुऱ्या. माझ्या हातापासून वीतभर.

"मुश्ताक, माझी पोरं आणू का बघायला?"

"आण की. शनिवारी शेठ नसतो."

"पण हा कापूस पातळ आहे. अजून जाड झाला की तुरे मोठे होतील ना?"

"होतील. पण उद्या शुक्रवार."

शुक्रवारी, नमाजला जायच्या आधी, तो लाकडी फळीनं चारही व्हॉल्ववरचा कापूस काढायचा. मग गंधकाची वात पेटवून प्रत्येकाभोवती फिरवायचा. गॅस येत असेल तर वातीभोवती पांढरा धूर होतो. हे काम त्याला कुणी लावून दिलं नव्हतं. आधीचा म्हातारा ऑपरेटर तसं करायचा, म्हणून हा करायचा. एकही शुक्रवार चुकवलेला नव्हता.

"एक शुक्रवार राहू दे," मी म्हटलं.

"नको रे. कापसाखाली काय चाललंय ते दिसत नाय."

"एका दिवसानं काय होतंय? शनिवारी पोरं गेली की काढ. मी येतो फळी धरायला. माझ्या पोरांनी आयुष्यात कधी बघितलं नाही रे."

त्यानं उद्यासाठी काढून ठेवलेली फळी परत भिंतीला टेकवली. "तू ना पेंटर, माणसाला चिकटतोस ऑइलपेंटसारखा. शनिवारी अकराच्या आत आटपायचं. आणि कापसाला हात लावायचा नाय कुणी. भाजतो तो."

एवढंच झालं. आळस वगैरे काही नाही. मी मागितलं, त्यानं दिलं.

शनिवारी नऊला चौदा पोरांची रांग घेऊन गेलो. प्रत्येकाकडं काळा कागद, पांढरा मेणखडू, आपापली रंगपेटी. मुश्ताक धुतलेला शर्ट घालून दारात उभा होता.

"सलाम, शास्त्रज्ञांनो! चपला इकडं काढू नका, पाय गारठतील. आणि फरशीवरच्या ह्या पट्टीच्या पुढं कुणी आलं तर त्याची लादी करून विकीन."

पोरं खिदळली. मी भिंग फिरवलं. एकेकाचं तोंड उघडं पडत होतं. "सर, खरंच सहा!" "सर, पीस आहे, कोंबडीचं पीस!" दुर्वा पट्टीला चिकटून फरशीवर मांडी घालून बसली आणि मान वाकडी करून खालनं बघायला लागली.

मी शाळेत बजावलं होतं ते परत बजावलं, "दिसतं ते काढा. माहीत आहे ते काढू नका."

पाऊण तासानं मी चित्रं बघत फिरलो. तीन-चार चांगली होती. दुर्वाचं सगळ्यात भारी. तुरा न् तुरा मोजून काढलेला, व्हॉल्वचं चाक, माझा मिशीवाला लाल ३ सुद्धा. हे तालुक्याला पहिलं येतंय, मला तिथंच कळलं. फक्त चाकाच्या खाली, त्या पांढऱ्या तुऱ्यांत, तिनं पिवळ्या मेणखडूनं एक डाग काढला होता. मधोमध भोक, कडेला ओघळ.

"हे काय?"

"तसंच आहे सर."

"बर्फ पिवळा असतो का?"

"तिथं आहे सर. खालनं दिसतंय."

"परीक्षक हसतील बाई. कोणीतरी वर काहीतरी केलंय म्हणतील." पोरं फिस्सकन हसली. दुर्वाचे कान लाल झाले.

मी तिच्या बाजूला उकिडवा बसलो असतो, मान वाकडी केली असती, तर चार सेकंदांचं काम होतं. नाही केलं. माझ्या पिशवीत पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली होती. बोटानं रंग घेतला आणि डागावर फासला. "बघ, आता कसं स्वच्छ दिसतंय." सगळी चित्रं गोळा करून पिशवीत घातली.

तेवढ्यात लाईट गेली.

शनिवारी आमच्याकडं लाईट जातेच, कुणाला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्रेसर थांबला. इतका वेळ आम्ही त्या आवाजातच बोलत होतो, तो थांबल्यावर सगळं एकदम रिकामं झालं. एक-दोन मिनिटं गेली असतील. मुश्ताक पोरांना काहीतरी मस्करी सांगत होता आणि मध्येच गप्प झाला. मान एका बाजूला केली. मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसला आवाज.

"पेंटर," तो हळू म्हणाला, "पोरांना बाहेर ने. समुद्राच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर. पळवू नको, चालव. रुमाल भिजवून नाकावर."

"काय झालं?"

"ने आधी!"

वास आला तेव्हा आम्ही दारात होतो. तो वास सांगता येत नाही. नाकात जात नाही, डोक्यात घुसतो. दोन पोरं खोकत खाली बसली, मी त्यांना काखेत उचललं. बाहेर धक्क्यावर येऊन मोजली. चौदा. परत मोजली. चौदा.

मुश्ताक ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन दारात उभा होता. गॅसचा मुखवटा फॅक्टरीत एकच होता, तो शेठच्या ऑफिसात, आणि ऑफिसला कुलूप. लाईट नसताना पाइपात दाब चढत जातो, व्हॉल्व बंद केला नाही तर सगळा गॅस बाहेर येणार होता. वारा फिरला असता तर मागच्या कोळीवाड्यावर. आत सगळं पांढरं झालं होतं, कुठला व्हॉल्व फुटलाय ते दिसत नव्हतं.

त्यानं तिथनं ओरडून मला एक विचारलं. मी "नाही" असं ओरडलो. आणि तो आत गेला.

बाहेर आला तेव्हा चालत आला, पण दार सोडून भिंतीकडं चालत होता. दोन व्हॉल्व बंद केले होते त्यानं, आधी दोन नंबरचा, मग तीन नंबरचा. आम्ही टाकीतलं पाणी त्याच्या डोळ्यांत ओतत बसलो. तो एकच म्हणत होता, "पोरं किती? पोरं किती?"

"चौदा. सगळी आहेत."

"मग ओत. ओत अजून."

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

नवव्या दिवशी तपासणीचे साहेब दवाखान्यात आले. मी मुश्ताकच्या पायाशी उभा होतो. साहेब कागद बघून म्हणाले, "गळती काही दिवस थोडी थोडी चालू असणार. अमोनियाबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येतं. गळतं तिथं बर्फावर पिवळा डाग पडतो. तुम्ही साफ केलं असतं तर समजलं असतं. शुक्रवारी बर्फ का नाही काढला?"

पिवळा डाग. घरी बॅनरच्या गुंडाळीत ठेवलेल्या दुर्वाच्या चित्रात, मी बोटानं फासलेल्या रंगाखाली झाकलेला.

मुश्ताकच्या डोळ्यांवर पट्टी होती. तरी त्यानं तोंड माझ्या बाजूला वळवलं.

"आळस केला साहेब," तो म्हणाला.

"मुलं येणार म्हणून ठेवला होता का?"

"नाय नाय. पोरांचा काय संबंध? पोरांना तर ह्या पेंटरनं वाचवलं. त्याचं नाव लिहा."

साहेबांनी लिहिलं. मी तोंड उघडलं नाही. आत्ता बोलू, मग बोलू, असं करत ते निघूनपण गेले.

सव्वीस जानेवारीला शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. खेडेकर बाई रडल्या. मुश्ताकला शेठनं कामावरनं काढलं होतं, आणि आळशी माणसाला कोण भरपाई देतो? दुर्वानं मला फूल दिलं आणि माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर सात वर्षं मी दर रविवारी मुश्ताककडं जातो. तो ओटीवर बसून जाळी विणतो, बोटांनी गाठी मोजत. आम्ही गप्पा मारतो. मासळी, निवडणूक, त्याची बायको शमीम भाभी किती चिडते. त्या दिवसाबद्दल त्यानं कधी काढलं नाही. मला वाटायचं त्यानं माफ केलं. शुक्रवारचं त्यानं माफ केलंच होतं. पण दुसरं त्याला माहीतच नव्हतं.

गेल्या महिन्यात दुर्वा आली दुकानावर. बारावीला आहे आता, सायन्सला. मी एका होडीचं नाव रंगवत होतो.

"सर, एक विचारू? माझं ते चित्र आहे का हो अजून?"

"कुठलं?"

"सर, तुम्हाला माहीत आहे कुठलं."

मी ब्रश ठेवला.

"आम्हाला अमोनिया आला शिकायला, मग मी गळतीबद्दल शोधून वाचलं," ती म्हणाली. "तो डाग तेलाचा होता ना? मी तेव्हाच मुश्ताककाकांना जाऊन सांगायला हवं होतं. ते चार पावलांवर होते. पण तुम्ही म्हणालात बर्फ पिवळा नसतो, मला वाटलं मीच चुकीचं बघितलं. मग सगळे हसले." ती परत म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाही सर. आईलापण नाही. मला अजून वाटतं त्यांचे डोळे माझ्यामुळं गेले."

दहा वर्षांची होती ती. तेव्हापासून ही हे घेऊन फिरतेय, आणि मी शाल घेतली.

घरी जाऊन बॅनरची गुंडाळी सोडली. काळा कागद, पांढरे तुरे, लाल ३. पोस्टर कलर पाण्याचा असतो आणि खाली मेण होतं. मीच शिकवलेलं. माझा पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटून गुंडाळीत पडला होता. डाग जसाच्या तसा, मधोमध भोक, कडेला ओघळ.

चित्र घेऊन मुश्ताककडं गेलो. त्या दिवशी रविवार नव्हता.

"आज कसा काय रे?" त्यानं पावलांवरनं ओळखलं. "आणि हातात कागद आहे. आवाज येतोय."

मी बसलो. सगळं सांगितलं. दुर्वा, डाग, माझं बोट. त्याच्या हातातली जाळ्याची सुई थांबली नाही. विणत होता, विणत होता. मी संपवलं तेव्हा थांबली.

"नंबर काढलाय तिनं?"

"काढलाय. तीन."

"मिशीवाला?"

"हो."

आतनं भाभीनं चहाचं विचारलं.

"दोन नंबरच्या व्हॉल्वचं पॅकिंग जुनं होतं, मला वाटलं तोच गळतोय," तो म्हणाला. "म्हणून मी आधी दोनकडं गेलो. दोन फिरवेपर्यंत डोळे उघडे होते माझे. तीनवर हात गेला तेव्हा नव्हते." मग म्हणाला, "मी तुला दारातनं विचारलं होतं."

"हो."

"काय विचारलं होतं?"

"पेंटर, कापसावर कुठं पिवळं दिसलं का."

"तू नाय म्हणालास."

"हो."

"दिसलं नव्हतं?"

"मला नव्हतं. दुर्वाला दिसलं होतं, आणि ते मला माहीत होतं. चित्र माझ्या पिशवीत होतं मुश्ताक. पिशवी खांद्यालाच होती. मला वाटलं, आता हो म्हटलं तर..."

"तर पोरं तुझ्यावर हसतील," तो म्हणाला.

ते तेवढंच होतं. तो बरोबर होता.

"आळस म्हणालो ते तुझ्यासाठी. तू पोरगा होतास, तुला आत टाकलं असतं. शुक्रवार मीच सोडला, तो माझा. पण ते 'नाय' मी खरं धरलं रे. सात वर्षं मनात बोलत आलो, पेंटरनं बघितलं होतं, पिवळं नव्हतं, कुणालाच कळलं नसतं." त्यानं सुई जाळ्यात खोचली. "माझा जुनैद आठवीत आहे. पोरं त्याला आळश्याचा म्हणतात. तो घरी येऊन सांगत नाय, पण मला ऐकू येतं की."

"मी साहेबांकडं जातो. अर्ज करतो."

"कर. पण ते कागद कोण वाचतो? आधी त्या पोरीला सांग, तिचं बरोबर होतं. आणि हे सगळं लिहून काढ. जुनैदची शाळा तीच आहे. तिथं उभा राहा आणि वाच. त्या सत्काराच्या जागेवर."

"वाचतो."

"लगेच म्हणतोस. तुझं ते जुनंच आहे. नाय म्हणायचं असेल तर आत्ता म्हण."

मी चित्र त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याचं बोट मेणावरनं फिरलं, तुऱ्यातुऱ्यातनं खाली उतरलं आणि डागाच्या कडेला थांबलं.

"शनिवारी आठ वाजता," मी म्हणालो. "दुर्वाला घेऊन येतो. चित्र भिंतीला लावतो. तू पुढं बस, जुनैदच्या शेजारी. आणि मी अडखळलो ना, तर तेव्हा विचारलं होतंस तेच परत विचार, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ह्या वेळी मी हो म्हणीन."